लोणारचे वय, देवयानीतील तारकागुच्छ आणि काळ मोजण्याचा पेच

१/ बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे वय किती? या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात: सुमारे ५२ हजार वर्षे आणि सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दोन्ही प्रयोगशाळेत मोजलेली, आणि तरीही त्यांत जवळजवळ अकरापट अंतर. दूरच्या दीर्घिकांतील तारकागुच्छांचे वय ठरवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांपुढेही याच जातीचा पेच असतो. त्याविषयी हा थ्रेड.

२/ आधी लोणार. स्थानिक परंपरा या विवराचा संबंध लवणासुराच्या वधाशी जोडते. ‘आईन-इ-अकबरी’त या स्थळाची नोंद आहे. १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी त्याची दखल घेतली. चहूकडे दख्खनचा काळा पाषाण असल्यामुळे पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचेच मुख मानले गेले.

३/ सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आघातातून निर्माण झाले, याचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथील खडकांत मॅस्केलिनाइट सापडले. प्रचंड आघाताच्या दाबाने फेल्डस्पार या खनिजाची काच होते, ती ही. ‘कसे झाले’ याचे उत्तर मिळाले. ‘केव्हा’ मात्र शिल्लक राहिले.

४/ ५२ हजारांचा आकडा तापदीप्ती पद्धतीचा (१९९७). आघाताच्या उष्णतेने खनिजातील साठलेली ऊर्जा रिकामी होते, नंतर नैसर्गिक किरणोत्सारामुळे पुन्हा साठू लागते. साठा मोजला की काळ कळतो. पण साठा मधल्या काळात गळला, किंवा काठोकाठ भरून थांबला, तर वय कमी निघते.

५/ ५ लाख ७० हजारांचा आकडा आरगॉन पद्धतीचा (२०११). पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. त्यातून आरगॉन तयार होतो. खडक वितळला की जुना आरगॉन निसटतो आणि घड्याळ शून्यावर येते. मात्र लोणारचा मूळ पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्यातील थोडाही आरगॉन मागे उरला तर वय फुगते, म्हणून तो हिशेबातून वगळावा लागतो. आज संशोधक अधिक विश्वास या आकड्यावर ठेवतात.

६/ आता आकाशाकडे. गुच्छातील तारे एकाच मेघातून, जवळपास एकाच वेळी जन्मतात. जड तारे निळे, तेजस्वी आणि अल्पायुषी. हलके तारे दीर्घायुषी. म्हणून कोणत्या वजनापर्यंतचे तारे अद्याप टिकून आहेत हे पाहिले की गुच्छाचे वय कळते. कृत्तिकांचे वय या मार्गाने दहा-बारा कोटी वर्षे ठरते.

७/ कृत्तिकांतील तारे सुटे दिसतात. परक्या दीर्घिकेत ही सोय नसते. १९३२ मध्ये एडविन हबल यांनी देवयानी दीर्घिकेतील १४० धूसर ठिपके गोलाकार तारकागुच्छ असावेत असे मांडले. ही दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. कार्तिक-मार्गशीर्षाच्या अंधाऱ्या रात्री ती लोणारहूनही नुसत्या डोळ्यांना पुसट डागासारखी दिसू शकते.

८/ त्याहून दूरच्या दीर्घिकांत तर हजारो ताऱ्यांचा मिळून एकच ठिपका उरतो. मग त्याचे तेज अतिनीलापासून अवरक्तापर्यंत अनेक गाळण्यांतून मोजतात आणि निरनिराळ्या वयांच्या गुच्छांच्या गणिती प्रतिमानांशी ताडून पाहतात. हबल दुर्बिणीच्या ‘लेगस’ सर्वेक्षणात ५० जवळच्या दीर्घिका पाच गाळण्यांतून टिपल्या गेल्या. तरुण, तप्त तारे अतिनील प्रकाशात उठून दिसतात. २०१५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरील अतिनील दुर्बीण या कामी उपयोगी आहे. पुण्याची ‘आयुका’ त्या दुर्बिणीच्या उभारणीत सहभागी होती.

९/ पेच येथेच आहे. गुच्छ लालसर दिसतो तो वृद्ध आहे म्हणून, की धुळीआड आहे म्हणून? धूळ निळा प्रकाश अधिक अडवते, त्यामुळे धुळीतला तरुण गुच्छ वृद्ध भासतो. उलटही घडते: अब्जावधी वर्षांचा गोलाकार गुच्छ ‘तरुण पण धुळकट’ ठरवला जातो. वय वाढते तसे गुच्छाचे तेज घटते, म्हणून वय चुकले की तेजावरून काढलेले वस्तुमानही चुकते आणि त्या दीर्घिकेत तारे कधी, किती जन्मले हा सारा इतिहास बिघडतो.

१०/ यावर उपाय म्हणजे स्वतंत्र साक्षीदार. गुच्छाभोवती तप्त हायड्रोजनचा लाल प्रकाश असेल, तर तेथे काही दशलक्ष वर्षेच जगणारे जड तारे अजून जिवंत आहेत. गुच्छ वृद्ध असूच शकत नाही. धुळीमागचे पाहायला जेम्स वेब दुर्बिणीचा अवरक्त डोळा आहे.

११/ इतिहासाचे विद्यार्थीही हेच करतात. मंदिराचा काळ शिल्पशैलीवरून सुचतो, शिलालेखाने पक्का होतो. म्हणून लोणारचे वय सांगणारी पोस्ट पुढे पाठवताना आकड्यासोबत पद्धतही लिहा: ‘तापदीप्तीनुसार’ की ‘आरगॉननुसार’. त्या एका शब्दामुळे वाचणाऱ्याला आकडा तपासता येतो.