दंडातून निघालेला बाजार

कार्बन क्रेडिटचा धंदा मुळात दंडातून निघाला, असं आमच्या साखर कारखान्यात सांगितलं असतं तर लोक हसले असते. सहवीजनिर्मितीचा इंजिनिअर म्हणून क्रेडिटची फाईल माझ्या टेबलावर आली, म्हणून मी तिची कुळकथा शोधत गेलो.

मे १९९७मध्ये हवामान कराराच्या वाटाघाटींत ब्राझीलने प्रस्ताव मांडला: ज्या श्रीमंत देशाचं उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेबाहेर जाईल त्याने दंड भरावा आणि त्या पैशातून गरीब देशांनी स्वच्छ तंत्रज्ञान आणावं. जुलैत अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी बजावलं, की विकसनशील देशांना मोकळं सोडणारा करार चालणार नाही. डिसेंबरात क्योटोच्या वाटाघाटींतून दंड गळाला. अमेरिकेला स्वस्तात कपात हवी होती, गरीब देशांना पैसा. दोघांच्या सोयीने ‘स्वच्छ विकास यंत्रणा’ जन्मली. गरीब देशात एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला, की त्याचं क्रेडिट श्रीमंत देशाने विकत घेऊन स्वतःच्या हिशेबात धरायचं. रात्रभर लांबलेल्या बैठकीत अध्यक्ष राउल एस्त्रादा-ओयुएला कलमामागून कलम हातोडा आपटून मंजूर करत गेले. विकसनशील देशांच्या ऐच्छिक बंधनाचं कलम मात्र भारत-चीनच्या विरोधापुढे टिकलं नाही.

२००१मध्ये अमेरिकेने या क्योटो करारातून अंग काढून घेतलं. रशियाच्या होकारानंतर १६ फेब्रुवारी २००५ रोजी करार लागू झाला. गिऱ्हाईक उरलं ते मुख्यतः युरोप आणि जपान.

इकडे कारखान्यात आम्ही जुना बॉयलर काढून जास्त दाबाचा बसवला. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून शिल्लक राहिलेली वीज महावितरणला जायची. क्रेडिटच्या फाईलमध्ये सिद्ध करायचं होतं, की हे पैसे मिळाले नाहीत तर प्रकल्प परवडणारच नाही. बँकेच्या फाईलमध्ये तोच प्रकल्प चांगला फायद्याचा होता. सल्लागार शांतपणे म्हणाले, “साहेब, दोन्ही खरंच आहे.”

खरी चांदी मात्र रेफ्रिजरंट बनवणाऱ्या कारखान्यांची झाली. तिथे उपउत्पादन म्हणून निघणारा एचएफसी-२३ वायू एक टन जाळला, की ११,७०० क्रेडिट. जाळण्यासाठीच वायू जास्त तयार होतोय, असा संशय बळावला आणि २०१३पासून युरोपने ही क्रेडिट घेणं बंद केलं.

तोवर बाजारही बसला होता. २००८मध्ये वीस युरोंच्या आसपास असलेला भाव २०१२अखेर एका युरोच्याही खाली गेला. मंदीने युरोपातल्या कारखान्यांचं उत्सर्जन आपोआप घटलं होतं आणि क्रेडिटचा तर पूर आला होता. आमच्याकडे पडताळणीचा खर्चही निघेना.

बॉयलर ठणठणीत होता, वीजही खरी होती. पण श्रीमंत देश स्वतःवर किती कडक बंधन घालतात, यावर आमच्या मालाचा भाव ठरत होता. २०१५च्या पॅरिस करारात तर प्रत्येक देश आपलं लक्ष्य आपणच ठरवतो. २०२१मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत नव्या कार्बन बाजाराचे नियम ठरल्यापासून ओळखीचे कारखानदार भाव विचारायला फोन करतात. मी त्यांना म्हणतो, भावाचं राहू द्या, आधी विकत घेण्याची सक्ती कुणावर आहे ते विचारा.