पुसलेले अक्षर

शाळेच्या पाटीवरील अक्षर ओल्या फडक्याने पुसले की गेले. कागदावर खोडले तर खाडाखोड उरते. पण तो कागदही चुलीत घालता येतो. नष्ट करणे म्हणजे काय, हे जुन्या काळी कोणा कारकुनाला वा सावकाराला समजावून सांगावे लागत नसे. १९८० नंतर लहान संगणक कचेऱ्यांतून आणि पुढे घरांतून आला, तेव्हा मात्र 'पुसणे' या साध्या क्रियापदाचा अर्थ पालटला. तो पालटला आहे हे वापरणाऱ्यांच्या ध्यानी फार उशिरा आले आणि त्या अज्ञानाचा लाभ काहींना झाला, तर काहींना त्यापायी तुरुंग पाहावा लागला.

याचे मूळ शोधावयाचे तर १९७४ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी कॅलिफोर्नियात गॅरी किल्डॉल यांनी सीपी-एम नावाची कार्यप्रणाली सिद्ध केली. फ्लॉपी डिस्कवर कोणती फाईल कोठे ठेवली आहे याची एक सूची तीत असे. फाईल पुसण्याची आज्ञा मिळाली की ही प्रणाली मजकुराला हातही लावीत नसे. सूचीतील त्या नोंदीच्या पहिल्या बाइटवर २२९ हा अंक लिहून ती मोकळी होई. षोडशमान गणनेत हाच अंक 'ई-५' असा लिहितात. ही खूण दिसली की ती नोंद रिकामी समजावयाची, एवढाच संकेत. ग्रंथपालाने सूचीतील कार्डावर फुली मारावी आणि पुस्तक फळीवर तसेच राहू द्यावे, त्यातलाच हा प्रकार. त्या जागी नवे पुस्तक येईल तेव्हाच जुने हलावयाचे!

हा कारभार काटकसरीचा होता. त्या काळची फ्लॉपी संथ होती. सबंध मजकुरावर शून्ये लिहीत बसावयाचे तर वापरणाऱ्याला ताटकळत राहावे लागले असते. शिवाय ज्याने पुसण्याची आज्ञा दिली त्याला तो मजकूर नकोच आहे, असे त्या काळी सर्वांनीच गृहीत धरले होते.

टिम पॅटर्सन यांनी १९८० मध्ये सिअ‍ॅटल येथे जी प्रणाली लिहिली, ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएमच्या संगणकावर ती 'डॉस' म्हणून आली. पहिल्या फ्लॉपीत अवघे १६० किलोबाइट मावत. मजकुराचे लहान लहान तुकडे करून ते फ्लॉपीवर मांडावयाचे आणि कोणत्या तुकड्यामागे कोणता येतो याची साखळी एका स्वतंत्र तक्त्यात नोंदवावयाची, ही पद्धत डॉसने स्वीकारली. पुसण्याची खूण मात्र तीच जुनी, ई-५. फाईल पुसली की नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ती खूण बसे आणि तक्त्यातील साखळी शून्य होई. परंतु नावाची उरलेली अक्षरे, फाईलची लांबी आणि पहिला तुकडा कोठे आहे याचा पत्ता, ही तिन्ही सूचीत तशीच राहत. वापरणाऱ्याला पडद्यावर काहीच दिसत नसे. पण ज्याला सूची वाचता येई, त्याला पुसलेल्या फाईलचे जवळजवळ सगळे शरीर जागेवर पडलेले दिसे.

हे ज्यांनी पाहिले त्यांत पीटर नॉर्टन यांचे नाव अग्रभागी येते. १९४३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात जन्मलेला हा गृहस्थ मोठ्या संगणकांवर कार्यक्रमलेखनाचे काम केलेला, आणि मध्यंतरी काही वर्षे सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बौद्ध मठात राहिलेला होता. आयबीएमचा नवा संगणक हाती आल्यावर त्यांच्याकडून एकदा चुकून एक फाईल पुसली गेली. दुसरा कोणी असता तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता आणि सारा मजकूर पुन्हा टंकला असता. नॉर्टन यांनी तसे न करता फ्लॉपीतून तो परत उचलणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे नाव 'अनइरेझ'. १९८२ मध्ये तो 'नॉर्टन युटिलिटीज' या संचातून विक्रीस आला. प्रारंभी नॉर्टन स्वतःच संगणकप्रेमींच्या बैठकांतून आणि दुकानांतून त्याची माहितीपत्रके वाटीत हिंडत. पुढे आठच वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांची कंपनी सिमँटेकने विकत घेतली. एका चुकीतून एवढा व्यवसाय उभा राहावा, यावरून तशा चुका किती जणांच्या हातून होत असतील याचा अंदाज यावा.

अशा प्रोग्रॅमांच्या कामाची रीत पाहण्यासारखी होती. सूचीतील ई-५ची खूण शोधून ते उरलेले नाव दाखवीत आणि मग विचारीत, पहिले अक्षर कोणते? कारण तेवढे एकच अक्षर खरोखर नष्ट झालेले असे. वापरणाऱ्याने ते आठवून दिले की नोंद पुन्हा जिवंत होई. साखळी मात्र तर्काने जोडावी लागे. तुकडे लागोपाठ असतील तर फाईल सुखरूप परत येई. विखुरलेले असतील तर एका पत्राचा आरंभ आणि दुसऱ्या हिशेबाचा शेवट असे विचित्र धड हाती लागे. आणि पुसल्यानंतर त्याच फ्लॉपीवर दुसरे काही लिहिले गेले असेल, तर मग सारे कौशल्य व्यर्थ. या खुणेची एक गंमत जाता जाता सांगावयास हवी. जपानी लिपीच्या संगणकीय संकेतात ई-५ हा अंक कांजी अक्षराचा आरंभ म्हणून येऊ शकतो, तेव्हा त्या अक्षराने नाव सुरू झाले की धडधाकट फाईलही पुसलेली भासावयाची! म्हणून डॉसला तेथे ई-५च्या जागी ५ हा अंक लिहून ठेवण्याची तोड काढावी लागली. रोमन लिपीपुरता विचार करून बांधलेल्या घरात इतर भाषांना असेच कोपरे शोधावे लागले आहेत.

मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या डॉसमध्ये 'अनडिलीट' ही आज्ञा घातली ती १९९१ मध्ये, पाचव्या आवृत्तीत. तीही सेंट्रल पॉइंट सॉफ्टवेअर या कंपनीकडून परवान्याने घेतलेली. अ‍ॅपलने तोवर निराळा मार्ग चोखाळला होता. १९८३च्या लिसा आणि १९८४च्या मॅकिंटॉश संगणकांत पडद्यावर कचऱ्याची टोपली होती. टाकलेली वस्तू आधी टोपलीत जावी आणि टोपली रिकामी होईतो परत काढता यावी, हा घरोघरचा अनुभव तेथे चित्ररूपाने आला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बरोबर 'रिसायकल बिन' आली. चुकणाऱ्या माणसाला क्षमेची एक मुदत मिळाली, हे उत्तमच झाले. परंतु टोपली रिकामी केली की आतले सारे नाहीसे होते, ही समजूतही त्या चित्रानेच दृढ केली, हे मान्य केले पाहिजे. टोपलीच्या तळाशी तोच सूचीचा जुना कारभार चालू होता.

त्याचा परिणाम २००३च्या जानेवारीत उघड झाला. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेतील सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यांपैकी १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या आढळल्या त्या केवळ १२. उरलेल्यांत पत्रे, वैद्यकीय माहिती आणि ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातली असून तीत वर्षभराचे व्यवहार होते. विकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी फाईली पुसल्या होत्या, काहींनी सबंध डिस्क फॉरमॅटही केली होती. आपण काही निष्काळजीपणा केला असे त्यांना वाटण्याचे कारणच नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील विचिटा शहरात १९७४ पासून १० खून करणारा एक इसम वर्षानुवर्षे पोलिसांना आणि वृत्तपत्रांना पत्रे धाडून डिवचीत होता. फ्लॉपी पाठविली तर तिचा माग लागेल काय, असे त्याने पोलिसांनाच विचारले आणि वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातीतून आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवला. १६ फेब्रुवारी २००५ रोजी त्याची फ्लॉपी एका दूरचित्रवाणी केंद्रात पोचली. तीत एक पुसलेला मजकूर शिल्लक होता आणि त्याच्या पोटात गावातील एका लूथरन चर्चचे नाव व 'डेनिस' हे नाव नोंदलेले होते. डेनिस रेडर हा त्या चर्चच्या समितीचा अध्यक्ष निघाला. २५ फेब्रुवारीस त्याला पकडण्यात आले आणि ऑगस्टमध्ये १० जन्मठेपांची शिक्षा झाली.

हे युग आता बरेचसे मावळले आहे. नव्या संगणकांत फिरत्या चकतीऐवजी फ्लॅश स्मृती असते. तीत जुन्यावर थेट नवे लिहिता येत नाही. आधी मोठा खंड कोरा करावा लागतो. म्हणून कोणती जागा मोकळी झाली हे कार्यप्रणाली त्या साधनाला कळवीत राहते. विंडोजमध्ये 'ट्रिम' नावाची ही सोय २००९ मध्ये सातव्या आवृत्तीत आली. ही सूचना मिळाली की साधन ती जागा सवडीने स्वतःच साफ करते, आणि टोपली रिकामी केल्यानंतर थोड्याच वेळात ओरडून उपयोग नसतो. ज्याला लपवावयाचे आहे त्याची सोय झाली. ज्याच्या हातून चुकून पुसले गेले त्याचा आधार तुटला. दुसरी प्रत ठेवणे हाच त्याला उरलेला उपाय.

जुनी रीत टिकून आहे ती कॅमेऱ्याच्या लहान कार्डांत. ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डे बहुधा डॉसच्याच वंशातील पद्धतीने सूची ठेवतात आणि पुसलेल्या नोंदीवर आजही ई-५ हीच खूण बसते. लग्नाची छायाचित्रे चुकून पुसली गेली तर कार्ड तत्काळ बाहेर काढून ठेवावे, त्यावर एकही नवे चित्र घेऊ नये. मग ती पुष्कळदा परत मिळतात. छायाचित्रे लागोपाठच लिहिली जात असल्याने साखळीही फारशी तुटत नाही. आणि त्यांना नावे कॅमेराच देत असल्यामुळे, पहिले अक्षर कोणते, हा प्रश्न तेथे कोणाला अडवीत नाही.