संगणक-शीतन

संगणकाच्या मंडलांत निर्माण होणारी उष्णता बाहेर काढून त्यांचे तापमान सुरक्षित मर्यादेत राखण्याच्या तंत्रास संगणक-शीतन म्हणतात. प्रोसेसरला पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत् शक्ती अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. त्यामुळे गणनाचा वेग वाढविण्याच्या प्रत्येक प्रयत्नात उष्णतेचा प्रश्न उभा राहिला आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उभारलेल्या व १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० इलेक्ट्रॉन नलिका होत्या. त्यास सु. १५० किलोवॉट शक्ती लागे व पंख्यांनी सतत हवा खेळवावी लागे. सेमूर क्रे यांच्या क्रे–१ मध्ये (१९७६) मंडलांची उष्णता तांब्याच्या पत्र्यांमार्फत फ्रिऑनकडे नेली जाई. क्रे–२ मध्ये (१९८५) तर सर्व मंडले विद्युत् निरोधक द्रवात बुडविलेली होती. घरगुती संगणकास या खटाटोपाची गरज फार काळ भासली नाही. १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमपासून मात्र धातूच्या पंखवजा पट्ट्या व त्यांवर बसविलेला पंखा हे नेहमीचेच झाले.

प्रोसेसर त्याच्या निर्धारित कंप्रतेपेक्षा (दर सेकंदास होणाऱ्या स्पंदांच्या संख्येपेक्षा) अधिक कंप्रतेवर चालविण्याची प्रथा हौशी मंडळींत, विशेषतः संगणकीय खेळ खेळणाऱ्यांत, रूढ झाली. १९९८ चा सेलेरॉन ३०० ए हा स्वस्त प्रोसेसर ३०० मेगॅहर्ट्‌झऐवजी ४५० मेगॅहर्ट्‌झवर बिनतक्रार चालतो, असे अनेकांना आढळले आणि या छंदास प्रतिष्ठा मिळाली. यात फुकटचा लाभ मात्र मर्यादितच असतो. मंडलांच्या उघडझापेत खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या सम प्रमाणात, तर विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कंप्रता व दाब प्रत्येकी १० टक्क्यांनी वाढविल्यास ही उष्णता सु. ३३ टक्क्यांनी वाढते. शिवाय तापमानाबरोबर गळती-प्रवाहही वाढतो व तो आणखी उष्णता निर्माण करतो. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगॅहर्ट्‌झ पेंटियम–४ चा बेत सोडून दिला, त्यामागे हेच कारण प्रमुख होते. त्यानंतर एका चकतीवर अनेक गणन-गाभे बसविण्याकडे कल वळला.

लहान पेटीत ही अडचण तीव्र होते. ॲपलचा जी–४ क्यूब (२०००) हा सु. २० सेंमी. बाजूचा संगणक पंख्याविना, मधल्या पोकळीतून वर जाणाऱ्या तापलेल्या हवेवरच थंड राही. यंत्र देखणे होते, परंतु महाग ठरले व २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी आलेल्या १७० मिमी. बाजूच्या मिनी–आयटीएक्स मंडलफलकाने लहान संगणक बांधणे सोपे केले. मात्र पेटी आखूड असल्याने उंच शीतक बसत नाही, लहान पंख्यास अधिक वेगाने फिरावे लागून आवाज वाढतो आणि शेजारचे चित्रण-कार्ड स्वतःची उष्णता त्याच हवेत सोडते. अशा पेटीत तापलेली हवा बाहेर जाण्यास मोकळी वाट ठेवणे हे महागडा शीतक घेण्याहून अधिक महत्त्वाचे असते, हे नवखे लोक बहुधा विसरतात. उष्णतानलिकांमुळे मात्र बरीच सोय झाली. त्यांतील थोडे पाणी प्रोसेसरजवळ बाष्प होते, दूरच्या टोकाशी द्रवरूप होते व केशाकर्षणाने परत येते.

२०१२ च्या आयव्ही ब्रिज श्रेणीत सिलिकॉनची चकती व धातूचे झाकण यांमध्ये झाळकामाऐवजी उष्णतावाहक मलम आले. तापमाने वाढलेली पाहून हौशींनी पात्याने झाकणे उचकटून मलम बदलले. या धाडसात काहींचे प्रोसेसरही निकामी झाले. वस्तुतः फारच तापल्यास आधुनिक प्रोसेसर आपली कंप्रता आपोआप घटवितो. पेटी लहान असल्यास दाब वाढविण्यापेक्षा तो थोडा कमी करून तीच कंप्रता राखणे बरेचदा अधिक फलदायी ठरते. २०२२ च्या रायझन ७००० श्रेणीतील अनेक प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५° से. पर्यंत जाण्यासाठीच आखलेले आहेत. तेथे नुसता तापमानाचा आकडा पाहून दोषाचे निदान करता येत नाही.