विमानाच्या चाकातील उष्णता-कवच

विमान धावपट्टीवर टेकते, इंजिनांचा आवाज अचानक वाढतो, प्रवासी किंचित पुढे ओढले जातात आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात विमान संथ गतीने फलाटाकडे वळते. प्रवाशांच्या दृष्टीने प्रवास येथे संपतो. चाकांच्या दृष्टीने मात्र अवघड काळ याच वेळी सुरू होतो. धावत्या विमानाची बरीचशी ऊर्जा आता उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये साठलेली असते आणि ती बाहेर पडण्यासाठी वाट शोधत असते. ही वाट टायरकडे, चाकाच्या धातूकडे किंवा आसाच्या बेअरिंगकडे जाऊ नये, यासाठी चाकाच्या आत एक पातळ धातूचे आवरण बसविलेले असते. त्याला उष्णता-कवच अथवा हीट शील्ड असे म्हणतात. प्रवाशाला ते कधीही दिसत नाही. परंतु विमानाच्या सुरक्षिततेत त्याचा वाटा मोठा आहे.

उष्णता किती?

पासष्ट टन वजनाचे विमान ताशी २४० किलोमीटर वेगाने उतरले, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १४४ मेगाज्यूल भरते. एवढ्या उष्णतेत २५ अंश तापमानाचे सुमारे ४६० लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा विरोध आणि इंजिनांचा उलटा झोत यांमुळे यातील काही भार हलका होतो. पण उड्डाणाच्या अगदी शेवटच्या क्षणी काही बिघाड लक्षात आला आणि वैमानिकाने उड्डाण रद्द केले, तर परिस्थिती कितीतरी बिकट होते. त्या वेळी टाक्या इंधनाने भरलेल्या असतात, वेग अधिक असतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ब्रेकवरील भार एकदम चढतो. पंचाहत्तर टनांचे विमान ताशी २६० किलोमीटर वेगाने धावत असताना थांबवायचे झाल्यास सुमारे १९५ मेगाज्यूल ऊर्जेचा प्रश्न उभा राहतो. मुख्य चाके चार असतील, तर प्रत्येक ब्रेकच्या वाट्याला जवळजवळ पन्नास मेगाज्यूल येऊ शकतात.

विमानाचा ब्रेक मोटारीच्या ब्रेकसारखा एका चकतीचा नसतो. त्यात अनेक चकत्या एकापुढे एक रचलेल्या असतात. काही चकत्या चाकाबरोबर फिरतात, तर त्यांच्या मधल्या चकत्या स्थिर असतात. हायड्रॉलिक दट्ट्यांनी ही संपूर्ण चवड दाबली की घर्षण होते आणि चाक मंदावते. पूर्वी या चकत्या पोलादाच्या असत. 'कॉन्कॉर्ड'च्या काळापासून प्रवासी विमानांत कार्बनच्या चकत्या येऊ लागल्या. कार्बन वजनाने हलका आणि वजनाच्या मानाने अधिक उष्णता साठविणारा आहे. अतितीव्र प्रसंगी त्याचे तापमान हजार अंशांच्या पुढे गेले तरी तो वितळत नाही. पण नेमकी अडचण येथेच निर्माण होते. ही धगधगती चवड ज्या चाकाच्या पोकळीत बसविलेली असते, ते चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे या मिश्रधातूची ताकद घटू लागते आणि वारंवार तापल्यास तो कायमचा मऊ पडतो. म्हणजे हजार अंशांची भट्टी आणि दोनशे अंशही न सोसणारे भांडे यांच्यात काही सेंटिमीटरचेच अंतर असते.

कवच काय करते?

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन मार्गांनी प्रवास करते, हे आपण शाळेत शिकतो. तापलेल्या ब्रेककडून चाकाकडे उष्णता या तिन्ही मार्गांनी येते. पण तापमान वाढत गेले की प्रारणाचा वाटा फार झपाट्याने वाढतो. निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात प्रारण होत असल्याने, ३०० अंशांच्या चकतीपेक्षा ९०० अंशांची चकती तिप्पट नव्हे, तर सुमारे साडेसतरा पट उष्णता बाहेर फेकते. म्हणूनच चकत्यांच्या बाह्य कडा आणि चाकाचा आतील पृष्ठभाग यांच्यामध्ये आडोसा उभा करावा लागतो.

हा आडोसा म्हणजे स्टेनलेस स्टील किंवा निकेलयुक्त मिश्रधातूचा, मिलिमीटरच्या काही अंशाइतक्या जाडीचा पत्रा. चकचकीत पत्रा बरीचशी प्रारित उष्णता परत फिरवतो आणि स्वतः तापला तरी मागच्या बाजूला कमी उष्णता सोडतो. पत्रा आणि चाक यांच्यामध्ये राखलेली हवेची फट वहनाला अडथळा आणते, कारण ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या तुलनेत स्थिर हवा हजारो पट कमी उष्णता वाहून नेते. एकाऐवजी दोन पत्रे थोडे अंतर ठेवून बसविले, तर परिणाम आणखी वाढतो. काही रचनांत दोन पत्र्यांच्या मध्ये सिरॅमिक तंतूंचा थर भरतात. अशा वेळी पत्र्यांच्या कडा नीट बंद ठेवणे अगत्याचे असते. अन्यथा पाणी, धुण्याची रसायने किंवा हायड्रॉलिक तेल आत मुरते. तेल शोषलेला थर तापला, तर संरक्षण करणारे कवचच आगीला निमंत्रण देऊ शकते.

रचनेतील कसरत

पत्र्याचे नळकांडे वळवून चाकात बसविणे वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिली अडचण प्रसरणाची असते. सुमारे ४०० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी कड्याचे तापमान ५०० अंशांनी वाढले, तर त्याचा परीघ सुमारे १० मिलिमीटरने वाढतो. भोवतीचे चाक त्या मानाने थंड राहत असल्याने ते तितके प्रसरण पावत नाही. वाढीला जागा मिळाली नाही, तर पत्रा आतल्या बाजूला फुगतो आणि फिरत्या व स्थिर चकत्यांच्या कडांना घासू लागतो.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी अनेक रचनांत कवचाचे स्वतंत्र तुकडे पाडतात. चाकाच्या आतील बाजूस आडव्या पट्ट्या असतात. फिरत्या चकत्यांच्या खाचा त्यांत अडकतात व चाकाचे वळण चकत्यांना मिळते. कवचाचा एकेक तुकडा दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत बसवितात. त्यामुळे प्रसरणाला वाव मिळतो आणि खराब झालेला एखादा तुकडाच बदलता येतो. मात्र तुकडे आले की फटी आल्या आणि फटींतून तप्त हवा व प्रारण निसटणार. सलग कड्यात फटी नसतात, पण ते वाकण्याचा धोका अधिक. कोणती रचना निवडायची, याचे उत्तर चाकाचा आकार, ब्रेकवरील भार आणि देखभालीची सोय पाहून शोधावे लागते.

याशिवाय चाक ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने फिरत असताना कवचाला हादरे आणि केंद्रापसारक बल सोसावे लागते. पातळ पत्र्याला त्यामुळे कडेच्या छिद्रांपाशी तडे जाऊ शकतात. पत्रा जाड केला तर वजन वाढते, आणि विमानाच्या अभियंत्याला प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र निराळाच आहे. कवच उष्णता नाहीशी करीत नाही. ती कोठे जाईल आणि किती वेळाने जाईल, एवढेच ते ठरविते. कवच फारच प्रभावी झाले, तर उष्णता ब्रेकमध्येच कोंडून राहते. ब्रेक थंड होण्यास विलंब लागतो, पुढचे उड्डाण रखडते आणि तापलेल्या कार्बनची हवेतील ऑक्सिजनमुळे झीज होते. कवच अपुरे पडले, तर चाक आणि टायर तापतात. या दोन टोकांमधला मध्य साधणे हेच रचनाकाराचे खरे काम होय.

शेवटचा पहारेकरी

कवचाच्या मागे आणखी एक संरक्षण असते. चाकात ठरावीक तापमानाला वितळणारे 'फ्यूज प्लग' बसविलेले असतात. टायरमध्ये मोटारीच्या टायरपेक्षा कितीतरी अधिक दाब असल्याने तो फुटणे म्हणजे लहानसा स्फोटच. चाक धोक्याच्या पातळीपर्यंत तापले की प्लग वितळतो आणि टायरमधील वायू सावकाश बाहेर पडतो. त्यामुळे कवचाची आखणी करताना प्लगलाही विसरून चालत नाही. नेहमीच्या उतरण्यात प्लग वितळता कामा नये आणि खरा धोका असताना तो वितळल्यावाचून राहता कामा नये.

हे सारे किती महत्त्वाचे आहे, याची साक्ष दोन अपघात देतात. ४ सप्टेंबर १९६३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झुरिकहून निघालेले स्विसएअरचे 'कॅराव्हेल' विमान ड्यूरेनेश गावाजवळ कोसळले आणि त्यातील सर्व ८० जणांचा मृत्यू झाला. धावपट्टीवरील धुके इंजिनांच्या झोताने पांगविण्यासाठी वैमानिकांनी इंजिनांची शक्ती वाढवून, ब्रेक लावीत विमान चालविले होते. ब्रेक अतोनात तापले, चाकाची कड फुटली आणि चाके पोटात घेतल्यावर आग भडकली. मृतांपैकी ४३ जण हुमलिकोन या एकाच लहानशा खेड्यातील होते.

दुसरा अपघात ३१ मार्च १९८६ चा. मेक्सिको सिटीहून निघालेल्या मेक्सिकाना कंपनीच्या 'बोइंग ७२७' विमानाचा ब्रेक उड्डाणाच्या वेळी तापला होता. चाके आत घेतल्यानंतर टायरचा स्फोट झाला, इंधनाच्या व हायड्रॉलिकच्या नळ्या तुटल्या आणि विमानातील सर्व १६७ जण दगावले. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. अतितप्त रबरातून ज्वालाग्राही वायू सुटतात. हवेतील ऑक्सिजनशी त्यांचा संयोग झाला की टायरच्या आतच स्फोट होऊ शकतो आणि त्याच्या वेगापुढे फ्यूज प्लगही निष्प्रभ ठरतो. या अपघातानंतर १९८७ मध्ये अमेरिकेने मोठ्या विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजन भरणे सक्तीचे केले.

या दोन्ही अपघातांचा दोष कवचावर नव्हता. पण ब्रेकची उष्णता भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी पोहोचली तर काय घडते, हे त्यांनी दाखवून दिले. आज नव्या विमानाला मान्यता देताना ब्रेकच्या चकत्या झिजेच्या अखेरच्या मर्यादेपर्यंत आणून, पूर्ण वजनाने, रद्द उड्डाणाची चाचणी घेतली जाते. झिजलेल्या चकत्यांचे वस्तुमान कमी असल्याने त्याच ऊर्जेत त्या अधिक तापतात. म्हणून कवचाचीही खरी परीक्षा तेव्हाच होते. विमान थांबल्यावर पाच मिनिटे अग्निशमन दलाने हात न लावता धोकादायक आग पसरू नये, अशी अट असते.

प्रवाशांनी काय जाणावे?

विमान थांबताक्षणी चाक सर्वांत तापलेले असते, हा समज चुकीचा आहे. उष्णता कवच ओलांडून हळूहळू झिरपत असल्याने चाकाचे तापमान त्यानंतर बराच वेळ चढतच राहते. म्हणूनच तापलेल्या चाकांजवळ जाताना कर्मचारी बाजूने न जाता पुढून किंवा मागून जातात. टायर फुटल्यास तुकडे मुख्यतः बाजूला उडतात. 'एअरबस ए-३२०'मध्ये ब्रेकचे तापमान ३०० अंशांच्या वर असल्यास उड्डाण लांबणीवर टाकले जाते, कारण गळलेले हायड्रॉलिक तेल तप्त ब्रेकवर पडून चाकांच्या कप्प्यात पेट घेऊ शकते. काही विमानांत ब्रेक थंड करण्यासाठी पंखेही असतात.

टायर बदलताना तंत्रज्ञ कवचाच्या तुकड्यांना तडे, पोचे किंवा घासल्याच्या खुणा आहेत का, हे पाहतात. एखादा फ्यूज प्लग वितळलेला आढळला, तर चाक उतरवून त्याच्या धातूचा कठीणपणा तपासला जातो. तेव्हा ब्रेक थंड होण्याची वाट पाहत असल्याने उड्डाणास विलंब होत आहे, अशी घोषणा कधी कानावर आली, तर ती कंपनीची सबब समजून वैतागू नये. चाकाच्या आतील पातळ पत्र्याने अडवून धरलेली उष्णता सुखरूप बाहेर पडावी, यासाठीच तो वेळ दिला जात असतो.