केट फर्बिश यांची नोंद : एक रानफूल, एक नदी आणि न झालेले धरण

१/ इ.स. १८८०चा उन्हाळा. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन हे राज्य आहे. त्याच्या उत्तर सीमेवरून सेंट जॉन नदी वाहते. पलीकडचा काठ कॅनडाचा. या नदीच्या ओलसर काठावर, व्हॅन ब्यूरन गावाजवळ, ४६ वर्षांच्या केट फर्बिश यांना एक अपरिचित रानफूल दिसले. नेच्यासारखी कातरलेली पाने, सरळ उभा दांडा आणि त्याच्या टोकाशी दाटीने उमललेली लहान पिवळसर फुले. त्या दिवशी झालेली नोंद ९६ वर्षांनी एका अवाढव्य सरकारी प्रकल्पाच्या वाटेत उभी राहणार होती.

२/ फर्बिश कोणत्याही विद्यापीठात अध्यापक नव्हत्या. मेन राज्यात उगवणारी प्रत्येक फुलवनस्पती शोधायची, तिचे जलरंगात चित्र काढायचे आणि नमुना वाळवून जपायचा, हा संकल्प त्यांनी १८७०च्या सुमारास केला आणि पुढची कित्येक दशके तो निष्ठेने पाळला. त्यासाठी त्या दलदली, रानवाटा आणि नदीकाठ पालथे घालत राहिल्या.

३/ ते फूल ओळखीच्या कोणत्याही जातीशी जुळेना. नमुना हार्वर्ड विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ सेरेनो वॉटसन यांच्याकडे गेला. जाती नवीन असल्याचे त्यांनी ठरवले आणि १८८२ मध्ये तिला ‘पेडिक्युलॅरिस फर्बिशिए’ हे नाव दिले. फर्बिश यांना या सन्मानाचा संकोच वाटला. परंतु स्त्री वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाची एकही वनस्पती त्यांना प्रमाणग्रंथात आढळली नव्हती, म्हणून त्यांनी तो स्वीकारला.

४/ या कुळातील वनस्पतींचे इंग्रजी नाव मात्र मानाचे नाही. ‘लाउसवर्ट’ म्हणजे उवांची वनस्पती. ती चरल्याने जनावरांना उवा होतात, अशी युरोपात जुनी समजूत होती. नावातील ‘पेडिक्युलॅरिस’ हा लॅटिन शब्दही उवेवरूनच आला आहे.

५/ १९०८ मध्ये फर्बिश यांनी आपली तेराशेहून अधिक चित्रे बोडन महाविद्यालयाला दिली. १९३१ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची वनस्पती पुढे दृष्टीस पडेनाशी झाली आणि १९७०च्या दशकात ती बहुधा नामशेष झाली असावी, असे अभ्यासक मानू लागले. उरले होते ते वाळलेले नमुने, वर्णन आणि चित्र.

६/ दरम्यान त्याच नदीसाठी निराळी योजना आखली जात होती. १९६५ मध्ये अमेरिकी संसदेने सेंट जॉन नदीच्या वरच्या भागात डिकी-लिंकन हा दोन धरणांचा जलविद्युत प्रकल्प मंजूर केला. त्यात सुमारे ८८,००० एकर जमीन पाण्याखाली जाणार होती. प्रकल्प लष्कराच्या अभियंता दलाकडे होता. काम सुरू होण्याआधीच काळ बदलला. १९६९च्या कायद्याने मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी पर्यावरणीय अभ्यास सक्तीचा केला, तर १९७३च्या कायद्याने संकटग्रस्त जातींचे अस्तित्व धोक्यात आणणारे काम करण्यास केंद्रीय खात्यांना मनाई केली.

७/ याच अभ्यासासाठी मेन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स रिचर्ड्स १९७६ च्या उन्हाळ्यात नदीकाठ तपासत होते. अॅलागॅश परिसरात त्यांना तीच कातरलेली पाने आणि तीच पिवळसर फुले दिसली. नामशेष मानलेली वनस्पती जिवंत होती. धरणाच्या कामासाठी केलेल्या पाहणीनेच धरणापुढे अडचण उभी केली.

८/ देशभर चर्चा झाली आणि थट्टाही. उवांच्या नावाच्या झुडपासाठी वीज अडवायची काय, असा टीकाकारांचा सूर होता. तरीही १९७८ मध्ये या वनस्पतीची संकटग्रस्त म्हणून अधिकृत नोंद झाली. अखेर १९८६ मध्ये प्रकल्पाची मंजुरी काढून घेण्यात आली.

९/ ‘एका फुलाने धरण अडवले’ हे वाक्य आकर्षक आहे. पण ते अपुरे आहे. पुढील शोधात धरणक्षेत्राबाहेरही या वनस्पतीचे ताटवे आढळले होते. प्रकल्पाचा प्रचंड खर्च, बुडणारे जंगल आणि वाहती नदी राखू पाहणाऱ्यांचा विरोध हीही कारणे तितकीच वजनदार होती. फुलाने एकट्याने लढाई जिंकली नाही. त्याने त्या लढाईला कायद्याचा आधार आणि लोकांच्या लक्षात राहील असे नाव दिले.

१०/ एक गोष्ट नंतरच्या संशोधनाने स्पष्ट केली. दर वसंतात नदीवरचा बर्फ फुटतो आणि त्याचे तुकडे काठ खरवडत जातात. त्यात ही वनस्पतीही जागोजागी नष्ट होते. पण तिला झाकोळणारी झुडपेही निघून जातात आणि मोकळ्या, ओल्या मातीत तिचे बी पुन्हा रुजते. बर्फाने खरवडणे थांबले, तर तिला जागाच उरत नाही. म्हणजे धरणाने नदीची ही चाल बदलली असती, तर पाण्याखाली न गेलेले ताटवेही कालांतराने झुडपांखाली दबले असते.

११/ २०२३ मध्ये अमेरिकेने या वनस्पतीला ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून कमी धोक्याच्या वर्गात ठेवले. संपूर्ण जगात ती आजही फक्त सेंट जॉन नदीच्या काठीच उगवते.

१२/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि दप्तरे डोळ्यांसमोर येतात. कागदावर चिकटवलेली वाळकी फांदीही तसेच साधन आहे. कोणी, कुठे, केव्हा पाहिले, हे ती सांगते. १८८० मध्ये ती फांदी जपली गेली नसती, तर १९७६ मध्ये नदीकाठचे ते फूल बिननावाचे गवतच ठरले असते. आणि बिननावाच्या गवताचा बचाव कोणताही कायदा करू शकत नाही.