हुबेहूब नक्कल का अडते?

जुन्या काळी पोथी नकलून काढणारा लेखक शेवटच्या पानावर एक कबुली देऊन मोकळा होत असे : समोर जशी प्रत होती तशीच ही लिहिली आहे, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष लिहिणाऱ्यास देऊ नये. संगणकाच्या जुन्या हार्ड डिस्कवरील मजकूर नव्या सॉलिड स्टेट ड्राइव्हवर उतरविणारी यंत्रणाही नेमके हेच करते. खूण न् खूण ती उतरविते, काम पुरे झाल्याचे सांगते. आणि नव्या ड्राइव्हवरून संगणक सुरू करू जावे तर काळ्या पडद्यावाचून काही दिसत नाही. वर्षानुवर्षांचे हिशेब, घरातल्या लग्नामुंजींची छायाचित्रे त्या डिस्कवर असली म्हणजे ही गोष्ट गमतीची राहत नाही. दोष नकलेत शोधला जातो. वास्तविक पुष्कळदा नक्कल हुबेहूब असते, आणि म्हणूनच ती अडते.

याचे मूळ फार मागे आहे. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे तयार झालेले रॅमॅक नावाचे यंत्र जगापुढे आणले. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच आसावर मिनिटाला १२०० फेरे घेत, आणि त्या साऱ्या मिळून ५० लाख अक्षरे सामावत. पुढे तबकड्या तळहाताएवढ्या झाल्या, पण मजकुराचा पत्ता म्हणजे जागा हा विचार कायम राहिला. कोणती बाजू, कोणते वर्तुळ, वर्तुळाचा कितवा तुकडा, असा तो पत्ता. १९८३ मध्ये आय.बी.एम.चा पी.सी. एक्स.टी. हा संगणक १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आला, त्या वेळी डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या तुकड्यात तिच्या विभागांचा नकाशा लिहिण्याची प्रथा पडली. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. पत्ता लिहिण्याच्या पद्धतीमुळे एका वर्तुळात फार तर ६३ सेक्टर मोजता येत. पहिले वर्तुळ नकाशासाठी राखावयाचे आणि खरा मजकूर त्यापुढून, म्हणजे ६३ सेक्टर सोडून, लिहावयाचा, असा रिवाज झाला. कालांतराने डिस्कच्या आत असे ६३ तुकड्यांचे वर्तुळ उरलेच नाही. डिस्क केवळ पूर्वीची रीत म्हणून तो आकडा सांगत राहिली, आणि २००१ च्या विंडोज एक्स.पी.पर्यंत रिवाज चालू राहिला. जाते मोडीत निघाले तरी त्याचा कोपरा रिकामा ठेवणाऱ्या घरासारखाच हा प्रकार!

इकडे जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीची कल्पना मांडली. सॉलिड स्टेट ड्राइव्हना आधारभूत झालेला तिचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये पुढे आला. येथे तबकडी नाही, वर्तुळ नाही, फिरणे नाही. लिहिताना पान हे माप, पुसताना मात्र अनेक पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. पान ४०९६ बाइटांचे किंवा त्याच्या पटीत असते. आता ६३ ला ५१२ ने गुणले तर ३२,२५६ येतात, आणि त्यांना ४०९६ ने पूर्ण भाग जात नाही. जुनी सीमा जशीच्या तशी नव्या ड्राइव्हवर आली की मजकुराचा तुकडा दोन पानांवर पाय ठेवून बसतो. एकाच्या जागी दोन पाने हाताळावी लागतात, वेग उतरतो, झीज वाढते. २००७ मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने पहिला विभाग १ मेगाबाइटपासून सुरू करून हा प्रश्न मिटविला. मात्र त्याआधीच्या डिस्कची नक्कल करताना सीमा सरकवावी लागते, आणि ती सरकली की नाही हे साध्या भागाकाराने कळते.

काळ्या पडद्याची कारणे याहून वेगळी आहेत. विंडोज डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ४ बाइटांचा एक ओळखक्रमांक लिहिते. नकलेबरोबर तोही उतरतो, आणि एकाच यंत्रात एकाच नावाच्या दोन डिस्क उभ्या राहतात. विंडोज त्यांपैकी एकीला बाजूस ठेवते, किंवा तिला नवा क्रमांक देते. मग संगणक सुरू करणारी नोंद जुन्याच क्रमांकाचा शोध घेत राहते. यासाठी नक्कल संपताच संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी आणि पहिली सुरुवात नव्या ड्राइव्हवर एकट्यानेच होऊ द्यावी. हे साधे पथ्य न पाळल्याने पुष्कळ घोटाळे झाले आहेत.

नव्या पद्धतीच्या संगणकांत नकाशाचीच रचना बदलली. १९८३ च्या नकाशाला ५१२ बाइटांच्या सेक्टरनी २ टेराबाइटपलीकडे मोजता येत नव्हते. नव्या नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवलेली असते. ड्राइव्ह मोठा असला तर आंधळ्या नकलेत ती मध्येच कुठेतरी पडते, लहान असला तर मागेच राहते. शिवाय संगणक सुरू करणारा भाग एका छोट्या विभागात असतो. त्याला नेहमीच्या यादीत अक्षर नसते, म्हणून नक्कल करणारा तो वगळतो, आणि दाराविना घर उभे राहते. कधी सारे उतरलेले असते, पण नव्या ड्राइव्हशी बोलणारा दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, सुरुवातीलाच जागा होत नाही. विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू केल्यास तो बहुधा जागा होतो.

ऑकलंडचे मरे हॅझर्ड यांनी १९९०नंतरच्या दशकाच्या मध्यास घोस्ट ही नकलेची यंत्रणा रचली आणि १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने ती विकत घेतली. अशा यंत्रणा हळूहळू नकलकाराच्या संशोधक झाल्या. सीमा सरकविणे, विभाग आखडणे त्यांना साधू लागले. मराठी वाचकाला हा भेद नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती काही समोरचे पान उतरवून नव्हे.

परंतु जुनी डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर शुद्धीचा विचार नंतरचा. न वाचता येणाऱ्या एका सेक्टरपाशी साधी यंत्रणा थांबते, पुन्हा पुन्हा तोच वाचू पाहते आणि त्या खटपटीत डिस्क दम सोडते. डीडीरेस्क्यू नावाची यंत्रणा धड भाग आधी उचलते, दुखरी जागा शेवटासाठी ठेवते आणि काय वाचले, काय राहिले याची वही बाळगते, म्हणजे काम मध्येच तुटले तर तेथूनच पुढे सुरू करता येते. तोपर्यंत जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहावयाचे नसते.