सुगरणीचे घरटे आणि डॉ. सालिम अली

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची गर्दी होते. प्रश्न ठरलेला असतो, "सर, पोराला कोणत्या लाइनला घालू?" मागे एका मुलाने वडिलांच्या देखत सांगितले की, मला प्राणीशास्त्र शिकून जंगलातल्या जनावरांचा अभ्यास करायचा आहे. वडील हसून म्हणाले, "चिमण्या मोजून पोट भरते काय?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. वास्तविक ते उत्तर मुंबईच्याच एका मुस्लिम घराण्याच्या इतिहासात आहे.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच ते पोरके झाले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी त्यांना वाढविले. एकदा छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सेक्रेटरी मिलार्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखविले. तेथून हे वेड लागले.

शाळेत ते हुशार नव्हते. १९१३ साली मॅट्रिक कसेबसे झाले. कॉलेजात गणिताने छळले, म्हणून शिक्षण सोडून ब्रह्मदेशात घरच्या धंद्यावर गेले. परत आल्यावर हिशेब आणि व्यापारी कायदा शिकू लागले. परंतु सेंट झेवियर्सच्या फादर ब्लाटर यांनी त्यांचा कल ओळखून त्यांना प्राणीशास्त्राकडे वळविले. विद्यापीठाची पदवी मात्र हाती आली नाही, आणि त्याचा फटका बसला. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षीशास्त्रज्ञाची जागा होती, ती पदवी नाही म्हणून हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या म्युझियममध्ये माहिती सांगणाऱ्या गाइडची नोकरी लागली. रजा घेऊन ते बर्लिनला गेले व प्रोफेसर स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शास्त्रीय पद्धत शिकले. १९३० साली परतले तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती!

बेकार सालिम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहावयास गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. लपून बसून ते रोज पाहात आणि टिपून ठेवीत. नाव सुगरण असले तरी घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की माद्या येऊन तपासणी करतात. एखादीला पसंत पडले तरच ती आत मुक्काम करते. मग नर खालची नळी पुरी करतो, आणि मादी अंड्यांवर बसली की हे महाशय दुसरे घरटे बांधून दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतात. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढे लोंबणाऱ्या घरट्याचा हा संसार त्यांनी १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडला आणि त्यांचे नाव झाले.

पदवीवाचूनही मोठे होता येते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. त्यांच्या पाठीशी तय्यबजींचे घराणे होते. नोकरी गेल्यावर समुद्रकाठी जाऊन पक्षी पाहात बसणे आपल्यापैकी किती घरांना परवडेल? आणि बर्लिनची शिस्त नसती तर किहीमच्या नोंदी हौशी माणसाची डायरी म्हणून राहिल्या असत्या.

पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ज्यांना स्वतःला पदवी नव्हती, ते आता पदवीच्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले. त्यांचे पहिले विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो सुगरणीचाच.

२० जून १९८७ रोजी डॉक्टरसाहेबांचे निधन झाले. आज अलीगढलाच वन्यजीव विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि डेहराडूनला १९८२ साली स्थापन झालेली भारतीय वन्यजीव संस्था आहे. त्या मुलाच्या वडिलांना नंतर बाजारात गाठून मी हे सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारले, "सर, त्याआधी बी.एस्सी. इथेच करता येईल ना?"